त्या एप्रिलची तारीख कोणती?

नागपूरच्या नोव्हेंबरात शोकाच्या दोन तारखा आहेत. पहिली २३ नोव्हेंबर. त्या दिवशी सकाळपासून झिरो माइलजवळच्या गोवारी शहीद स्मारकाशी विदर्भातल्या गावागावांतून माणसं येतात. बाया, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं. १९९४ साली याच दिवशी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि पोरंच जास्त होती. गुरं राखून जगणारा हा समाज. आदिवासी म्हणून आमची नोंद करा, एवढंच मागायला आला होता. ती मागणी पुढे उच्च न्यायालयात २०१८ साली जिंकली आणि सर्वोच्च न्यायालयात २०२० साली हरली. पण स्मारक उभं आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्या शहिदांचं नाव आहे आणि दरवर्षी तिथे फूल वाहायला माणसं येतात. ती तारीख सरकारने दिलेली नाही. समाजाने ती धरून ठेवली.

दुसरी तारीख २६ नोव्हेंबर. २००८ च्या त्या रात्री आख्ख्या देशासारखे आम्हीही टीव्हीसमोर बसून होतो. मुंबई इथून आठशे किलोमीटर लांब, पण हेमंत करकरे गेल्याचं कळलं आणि ते अंतर राहिलंच नाही. इथल्या व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत शिकलेला माणूस. दादाच्या मित्रांपैकी कोणीतरी त्यांना कॉलेजात पाहिलेलं होतं. चार दिवसांनी व्हेरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्यापाशी लोक मेणबत्त्या घेऊन जमले, तेव्हा मी दादाबरोबर गेले होते. वारा होता. दादा माझ्या मेणबत्तीभोवती हाताचा आडोसा धरून उभा होता आणि त्याची स्वतःची केव्हाच विझली होती. शेजारी एक सरदारजी होते, बुरखा घातलेल्या दोन कॉलेजच्या मुली होत्या, हायकोर्टातले काळ्या कोटातले वकील होते. कोणी कोणाला ओळखत नव्हतं आणि सगळे एकमेकांच्या ज्योती पेटवून देत होते. ती एकजूट खरी होती. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे तिला कोणी नाटक म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

आणि २०२१ चा एप्रिल?

अधिकृत नोंदीप्रमाणे कोविडने देशात सव्वापाच लाखांहून जास्त माणसं गेली. महाराष्ट्रात दीड लाखाच्या आसपास, एकट्या नागपूर जिल्ह्यात दहा हजारांच्या वर. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मांडला आणि आपल्या सरकारने तो फेटाळला. यातला कुठलाही आकडा धरा. एवढी माणसं गेली आणि त्यांच्या नावाने वर्षातला एक दिवस देशात नाही. ज्या शहरात एप्रिलमध्ये एकेका दिवसाला सात-सात हजार रुग्ण निघत होते, त्या शहरात डोकं टेकवायला एक दगड नाही. हे मला मान्य नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाळेतल्या गणिताच्या टाचणासाठी आणलेली. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. त्या एप्रिलमध्ये माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी बेड शोधून द्यायला फोनवर एक गट केला होता, आणि शाळा बंद असल्यामुळे नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. वहीत चार रकाने आहेत: नाव, वय, फोन, ऑक्सिजन. शेवटच्या रकान्यात ९१, ८४, ७९, ६८ असे आकडे. आयुष्यभर मुलांच्या नावापुढे गुण लिहिले. हे आकडे लिहिताना पेन तोच होता आणि हात तेवढा कापायचा. बेड मिळाला की नावापुढे बरोबरची खूण करायची, असं ठरलं होतं. काही नावांपुढे खूण नाही आणि फुलीही नाही. नुसती एक आडवी रेघ आहे. ती कशाची, हे मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सोळाव्या पानावर दादाचं नाव आहे.

१३ एप्रिलला गुढीपाडवा होता. दादाने सकाळी गुढी उभारली, संध्याकाळी उतरवताना अंग कणकणलं. तीन दिवसांत ऑक्सिजन ८८ वर आला. सीटी केला तर फुफ्फुसातल्या संसर्गाचा स्कोर पंचविसात अठरा. मेडिकल, मेयो, एम्स अशा सगळ्या सरकारी दवाखान्यांत विचारून झालं, व्हरांड्यातसुद्धा जागा नव्हती. अखेर एका खाजगी दवाखान्यात आगाऊ रक्कम भरून बेड मिळाला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या महिन्यात तो एकटाच तसा वागला असं नाही. २० तारखेच्या रात्री एकच्या सुमाराला तिथून फोन आला: ऑक्सिजन सकाळपर्यंतच पुरेल, सिलिंडरचं तुम्हीच बघा.

माझ्या एका विद्यार्थ्याने टेका नाक्यापलीकडच्या एका वेल्डिंगवाल्याचा नंबर दिला. ग्रिल आणि गेट बनवणारा साधा फॅब्रिकेशनवाला. रात्री दीडला फोन केला. वाटलं, उचलणारच नाही. एका रिंगमध्ये उचलला. रमजानचा पहिला आठवडा होता, घर जागंच होतं. तासाभरात तो छोटा हत्ती घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी आला, मागे दोन जंबो सिलिंडर. मी पैशाचं काढलं तर म्हणाला, "दीदी, अभी हिसाब का टाइम नहीं है." मग खिशातून एक लोखंडी पाना काढला, सिलिंडरची व्हॉल्व्ह उघडायचा, आणि सुतळीने सिलिंडरच्या मानेला बांधला. "ये साथ में रहने दो. वहाँ रात को चाबी कोई नहीं देगा." फ्लोमीटरसुद्धा त्यानेच कुठून तरी मिळवला होता.

जंबो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असला तर सातशे मिनिटं, म्हणजे बारा तासही नाही. हा भागाकार मी त्या आठवड्यात रोज करत होते. तो माणूस रोज रिकामा झालेला सिलिंडर घेऊन जायचा, भरून घ्यायच्या रांगेत पाच-सहा तास उभा राहायचा, उपाशी आणि पाण्याच्या घोटाशिवाय, त्या उन्हात, आणि रोजा सुटायच्या आत परत यायचा. सात दिवस. २७ एप्रिलला, हनुमान जयंतीला, दादा गेला. घाटावर एकाच वेळी इतक्या चिता जळत होत्या की आमची कोणती, हे पीपीई किट घातलेल्या कर्मचाऱ्याने चुन्याने लिहिलेल्या नंबरवरून दाखवलं. त्या किटमध्ये तो घामाने भिजलेला होता. दुसऱ्या दिवशी अस्थींच्या मडक्यावरही तोच नंबर होता.

सगळं शहर तेव्हा असंच चाललं होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ऑक्सिजनवर इथले दवाखाने तगून होते. विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्सप्रेस २३ एप्रिलला नागपूरला पोहोचली. सात टँकरांपैकी तीन इथे उतरले, चार नाशिकला गेले. त्याच नाशिकमध्ये दोन दिवसांआधी ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण तडफडून गेले होते. आमच्या गटावर त्या गाडीचा व्हिडिओ आला, तेव्हा पोरांनी देवाचा रथ आल्यासारखे हात जोडलेल्या खुणा टाकल्या. इथले वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वतःच्या खिशातून लाखो रुपये घालून टँकर आणवले आणि त्याला रमजानची जकात म्हटलं. एके काळी याच नागपूरच्या रेल्वे स्थानकाबाहेर संत्री विकलेला माणूस. गुरुद्वाऱ्यांनी डबे पोचवले, भीमजयंतीची मिरवणूक रद्द करून वस्त्यांतल्या पोरांनी रक्तदान केलं, गणेश मंडळांच्या मुलांनी अनोळखी माणसांना खांदा दिला. हे सगळं कोणाच्या हुकमाने झालं नाही.

मग त्या एकजुटीची आठवण आपण इतक्या लवकर का पुसली? २००८ ची का ठेवली?

यावर मी बरीच वर्षं विचार करते आहे आणि माझं उत्तर मला स्वतःलाही आवडत नाही. २००८ मध्ये समोर शत्रू होता. सीमेपलीकडून आलेले दहा जण, हातात बंदुका, त्यातला एक जिवंत पकडलेला. दुःखाला बोट दाखवायला जागा होती. २०२१ मध्ये बोट दाखवायचं तर ते आपल्याच घराकडे वळतं. कुंभमेळा आणि निवडणूक सभा कोणी होऊ दिल्या, ऑक्सिजनचं नियोजन वर्षभरात का झालं नाही, दवाखान्यांवर लक्ष कोणाचं होतं, आणि लग्नाला दोनशे माणसं बोलावणारे आपण कोण होतो. शत्रूविरुद्ध एकत्र येणं सोपं असतं. शत्रूच नसेल तर आपण तो शोधायला निघतो. तेही आपण करून बसलो होतो, एक वर्ष आधी.

एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील झाले. साथ जिथे वाढली तिथे वेढा घालणं हे साथरोगाचं शास्त्र आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वस्त्यांची नावं शिवीसारखी उच्चारली जायला लागली, ते शास्त्र नव्हतं. आमच्या कॉलनीने रस्त्यावर बांबू बांधला आणि पाटी लावली: बाहेरच्या फेरीवाल्यांना प्रवेश नाही. दोन दिवसांनी त्याचा अर्थ बदलला. भाजीवाल्याला नाव विचारायचं आणि नाव ऐकून आत सोडायचं की नाही ते ठरवायचं. वर्षानुवर्षं आमच्या दारात कोथिंबिरीची जुडी फुकट टाकून जाणारा म्हातारा बांबूपाशी उभा राहून परत गेला. त्या पाटीखालच्या कागदावर रहिवाशांच्या सह्या होत्या आणि त्यात माझी सही होती. बरोबर एका वर्षाने मी मध्यरात्री टेका नाक्यापलीकडे फोन केला, तेव्हा त्या माणसाने मला माझं नाव विचारलं नाही. पेशंट कुठे आहे, एवढंच विचारलं.

त्याच २०२० च्या मे महिन्यात पांजरी टोलनाक्यावर मी दोन दिवस पोळ्या वाटायला गेले होते. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे देशातले दोन मोठे महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. त्यामुळे हैदराबादहून निघालेला मजूर उत्तर प्रदेशात जायचा असो की छत्तीसगडला, तो आमच्या दारावरूनच जाणार होता. आदल्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यात करंजीच्या लंगरमध्ये जेवून आलेली माणसं होती. तो लंगर चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाबाजींबद्दल बोलताना त्यांचे हात आपोआप जोडले जायचे. एका बाईने माझ्याकडे जेवण मागितलं नाही, रायपूर किती दूर ते विचारलं. मी म्हणाले, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. तिने बोटं मोजली. दिवसाला तीस धरले तर दहा दिवस. तिचा हिशेब माझ्या आधी झाला. मग लुगड्याच्या पदरात पोळ्या बांधून ती उठली. पारा चव्वेचाळीसच्या वर होता. एसटीच्या गाड्या राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडायला लागल्या, तोवर अर्धी माणसं चालून गेली होती.

आता संसदेतली दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवते. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारलं गेलं, टाळेबंदीत घरी जाताना किती स्थलांतरित मजूर दगावले? उत्तर आलं, अशी आकडेवारी नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत विचारलं गेलं, ऑक्सिजनअभावी किती माणसं गेली? उत्तर आलं, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्पष्टपणे कळवलेलं नाही. राज्यांनी कळवलं नव्हतं, हे खरंच आहे. त्यात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती, आपल्या महाराष्ट्राचंही होतं. म्हणून हा भांडणाचा मुद्दा एका पक्षाविरुद्धचा नाही. ज्यांच्या घरी रात्री एकला फोन आला, त्यांना ते उत्तर कसं ऐकू आलं असेल, एवढंच मला सांगायचं आहे. मी त्या दिवशी वही काढून सोळावं पान उघडून बसले होते.

लोक म्हणतात, जखम कशाला उकरता? लोकांना विसरायचं आहे. आणि त्यावेळी सगळे एकत्र आले होते ना, मग आता प्रश्न विचारून फूट कशाला पाडायची? हे बोलणारी माणसं वाईट नाहीत, माझ्या स्टाफरूममध्येच आहेत. पण त्यांनी २००८ आठवावं. तेव्हा आठवडाभरात केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख, तिघांनीही पदं सोडली. राम प्रधान समितीने पोलिसांच्या प्रतिसादाची चौकशी केली. डिसेंबर संपायच्या आत राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. कारवाई पुरेशी होती की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण प्रश्न विचारले म्हणून देशाची एकजूट तुटली, असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. उलट ज्यांनी मेणबत्त्या लावल्या तेच प्रश्न विचारत होते. मग साथीच्याच बाबतीत प्रश्न आणि एकजूट यांचं वैर कुठून आलं?

ब्रिटनने कोविडची वैधानिक चौकशी नेमली, साक्षी उघडपणे घेतल्या, पंतप्रधानपदावर राहिलेल्यांनाही बोलावलं. लंडनमध्ये संसदेसमोर नदीकाठच्या भिंतीवर मृतांच्या नातेवाइकांनी लाल हृदयं रंगवली, एका माणसामागे एक. तिथल्या कारभाराचं मला कौतुक सांगायचं नाही, चुका त्यांनीही केल्या. पण चुका कुठे झाल्या हे शोधायला त्यांना लाज वाटली नाही. आपल्याकडे शोधण्यासारखं कमी आहे का? रेमडेसिव्हिरचंच घ्या. दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. तरी एप्रिलमध्ये त्याच्या कुप्यांसाठी लोकांनी मंगळसूत्रं मोडली, काळा बाजार झाला, आणि दहा हजार कुप्या नागपूरला द्या असा आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला द्यावा लागला. आम्हीही दादासाठी सहा कुप्या मिळवल्या. कशा मिळवल्या ते सांगायला जीभ रेटत नाही. त्याचा उपयोग होता की नव्हता, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. निदान पुढच्याला कोणीतरी सांगावं.

२६ नोव्हेंबरकडे परत येते, कारण त्या तारखेला नागपुरात आणखी एक अर्थ आहे. १९४९ साली त्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं. त्या दिवशी आमच्या शाळेत उद्देशिका वाचतात. मुलं 'बंधुता' या शब्दापाशी हमखास अडखळतात, जोडाक्षर नसूनही. संविधान स्वीकारलं त्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी संविधान सभेत शेवटचं मोठं भाषण केलं. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरून मारलेल्या रंगाच्या हातासारख्या राहतील, असं ते म्हणाले होते. मी हे वाक्य किती वेळा वाचलं असेन. त्याचा अर्थ मला दवाखान्याच्या फाटकाशी, रात्री अडीच वाजता, सुतळीने बांधलेल्या त्या पान्याकडे बघताना लागला. एकजूट आणि बंधुता यांत फरक आहे. एकजुटीला समोर कोणीतरी लागतो आणि तो हरला किंवा दिसेनासा झाला की ती सैल पडते. बंधुतेला समोर कोणी लागत नाही. २०२१ मध्ये या शहराने जे केलं ती बंधुता होती, आणि आपण तिला एकजूट समजून मोहीम संपल्यावर आवरून ठेवलं.

म्हणून मला तारीख हवी आहे. संगमरवरी चौथरा नसला तरी चालेल. आधी नावं हवीत. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात नोंदी आहेत, मोक्षधाम, गंगाबाई, अंबाझरी, मानेवाडा अशा घाटांवर रजिस्टरं आहेत, कब्रस्तानांत आणि ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. मार्च ते जून २०२१ चे हे कागद एकत्र ठेवून प्रभागवार यादी करणं अवघड काम नाही. दहावीतली मुलं करतील, मी करवून घेईन. ज्यांच्या घरच्यांना नाव नको असेल त्यांचं वगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये मिळायचे ठरले, पण त्यासाठी कागद लागत होता. ज्यांची चाचणीच झाली नव्हती, जे दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात गेले, त्यांची घरं तो कागद शोधत फिरली. या यादीला कागद लागू नये. घरच्यांनी सांगितलं, एवढं पुरे. मग वर्षातला एक दिवस, समजा एप्रिलचा शेवटचा रविवार, संविधान चौकात ती यादी मोठ्याने वाचावी. आणि त्याच दिवशी महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने लोकांसमोर सांगावं, की साथीनंतर शहरात बसवलेले ऑक्सिजनचे प्रकल्प आज चालू आहेत का, शेवटचे कधी चालवून पाहिले, चालवणारा तंत्रज्ञ पगारावर आहे का. पीएम केअर्समधून देशभर बाराशेहून जास्त असे प्रकल्प उभे राहिले. यंत्र नुसतं उभं असून भागत नाही, हे नागपूरकरांना कोणी शिकवायला नको.

याचं राजकारण होईल, असं म्हणतात. होऊ द्या. गोवारींच्या ११४ मृत्यूंचंही राजकारण झालं. पण झिरो माइलपाशी येणारी म्हातारी राजकारणासाठी येत नाही. तिला तिथे येऊन एकदा रडायचं असतं, दहा जणांच्या सोबत. ती सोय आमच्या एप्रिलला नाही. आम्ही आपापल्या घरात, आपापल्या तिथीला, वाडीवर घास ठेवून गप्प बसतो.

गेल्या महिन्यापासून मी वहीतल्या नंबरांवर फोन करायला लागले आहे, रोज चार-पाच. तुमच्या माणसाचं नाव यादीत घालू का, एवढंच विचारते. काही नंबर बंद आहेत. एकाने रागाने फोन आपटला, त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. खामल्याच्या एका काकूंनी यजमानांचं नाव सांगितलं आणि मग आडनाव तीनदा म्हणून घेतलं, "घाटावर चुकीचं लिहिलं होतं जी, वेलांटी पहिली आहे, दुसरी नाही." मी पहिली वेलांटी काढून त्यांना परत वाचून दाखवलं.

परवा वेल्डिंगवाल्या भाईंना फोन केला. सिलिंडर तेव्हाच परत गेले होते, पण तो पाना माझ्याकडे राहून गेला होता, देव्हाऱ्याखालच्या खणात, सुतळीसकट. म्हटलं, आणून देते. म्हणाले, "राहू द्या दीदी, दुसरा बनवला." मग मी यादीचं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता, तो त्यांनी कोणाला तरी बंद करायला सांगितला.

"हमारी अम्मी का भी लिखेंगे?"

त्यांची आई गेली होती. ८ मेला, दादानंतर अकरा दिवसांनी, ईद सहा दिवसांवर होती. माझ्याकडून सिलिंडर परत घेऊन गेले होते, ते आईला लावायलाच. तेव्हा मला काही बोलले नव्हते. मी विचारलंही नव्हतं.

मी नाव विचारलं. वय विचारलं. ते बासष्ट म्हणाले, मग थांबून म्हणाले, चौसष्ट. सोळाव्या पानावर दादाच्या खाली एक ओळ मोकळी होती. तिथे लिहिलं.